डाव्या बिजागऱ्या

आमचा हॅनोव्हरचा घरमालक कुणाच्याही घरी गेला की नमस्काराच्या आधी दार तीनदा उघडायचा आणि तीनदा लावायचा. मग कान देऊन उभा राहायचा. घरातला माणूस बिचारा हात पुढे करून ताटकळलेला. दार पसंत पडलं तर हा मान हलवून आत यायचा. नाही पडलं तर खिशातून तेलाची कुपी काढायचा. एकदा म्हणे भाचीच्या लग्नात चर्चच्या दाराला तेल घालत बसला आणि नवरा-नवरी बाहेर थंडीत उभी. हे मला बिर्गिटने सुनेमार्फत सांगितलं. बिर्गिट म्हणजे त्याच्या वर्कशॉपमधली एकुलती एक कामगार. पंचावन्नची बाई, दंड माझ्या मांडीएवढे, आणि हसायला लागली की ड्रिल मशीनसुद्धा ऐकू यायचं नाही.

वर्कशॉप खाली, आम्ही वर. माझा मुलगा आणि सून मेघना दोघं तिथे नोकरीला. आमची ही गेली आणि मी भोसरीच्या घरात भिंतीकडे बघत बसायला लागलो, तेव्हा त्यांनी मला उचलून जर्मनीत आणलं. मी चौथी शिकलेला. आयुष्यभर लेथवर उभा राहिलेला. जर्मन सोडा, इंग्रजीसुद्धा मला नट-बोल्टाच्या मापापुरतंच येतं. पहिले दोन महिने मी तिथेही भिंतीकडेच बघत होतो. भिंत तेवढी बदलली होती.

एका रविवारी मी खलबत्त्यात ठेचा कुटत होतो. दारावर थाप. मालक उभा. उंच, वाळका, नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा. मेघनाचा चेहरा पडला. रविवारी आवाज केला की तिकडे शेजारी तक्रार करतात म्हणे. ती सॉरी सॉरी करत होती. पण हा सरळ स्वयंपाकघराच्या दारापाशी गेला, तीनदा उघडलं, तीनदा लावलं, आणि वळून मेघनाला काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"बाबा, ते म्हणतायत की कुटण्याचा आवाज चांगला आहे. दाराचा वाईट आहे."

त्याने तेल घातलं. मग खलबत्ता हातात घेऊन वजन बघितलं, बोटाने ठेचा उचलला आणि सगळा तोंडात टाकला. डोळ्यांतून धारा. चेहरा टोमॅटोसारखा. हलला नाही. गिळला आणि म्हणाला, "गुट." म्हणजे छान. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला पावाचे दोन तुकडे घेऊन वर आला, मला हाताला धरून खाली वर्कशॉपमध्ये नेलं आणि ठेच्याची वाटी मलाच घ्यायला लावली. तेव्हापासून रोज दहा वाजता मी खाली. तो जर्मन बोलायचा, मी मराठी. भांडणसुद्धा व्हायचं. मशीनपुढे उभ्या असलेल्या दोन माणसांना भाषा लागत नाही. माप चुकलं की दोघांनाही कळतं.

तो बिजागऱ्या करायचा. बोटाएवढ्या, पोलादी, आत पितळेची खीळ. अशा की दार वरून खिळीवर बसवायचं आणि नुसतं उचललं की निघून हातात. आता हे नीट समजून घ्या, कारण सगळी गंमत यातच आहे. अशा बिजागरीची खीळ वर तोंड करून असावी लागते. त्यामुळे डाव्या बाजूच्या दाराची वेगळी आणि उजव्या बाजूच्या दाराची वेगळी. डावी उलटी करून उजवीला लावली तर दार पायावर पडतं.

त्याचं गिऱ्हाईक एकच मोठं, विजेच्या मीटरच्या पेट्या करणारी कंपनी. त्या पेट्यांची दारं सगळी उजवी. म्हणजे ऑर्डर सगळी उजव्यांची. आणि हा माणूस काय करायचा? शंभर उजव्या केल्या की शंभर डाव्या करायचा.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं माझंच चुकतंय. बिर्गिटला खुणेने विचारलं, ह्या कुणासाठी? तिने वर हात केले आणि अशी हसली की तिला बाकावर बसावं लागलं. संध्याकाळी मेघनाला खाली आणून विचारायला लावलं. मालकाने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, नाकावरचा कपाळावर, आणि गंभीरपणे बोलला.

मेघना म्हणाली, "बाबा, ते म्हणतायत, जगात जितकी उजवी दारं तितकी डावी. आज डावी मागत नाहीत म्हणून करायच्याच नाहीत, हा अर्ध्या दारांवर अन्याय आहे."

"त्याला सांग, तू वेडा आहेस."

"बाबा!"

"सांग."

तिने काय सांगितलं कोण जाणे. तो खूश होऊन "जा, जा" म्हणाला. जा म्हणजे हो.

मागच्या भिंतीला छतापर्यंत फळ्या होत्या आणि त्यांवर लाकडी पेट्या. सगळ्यात डाव्या. कित्येक वर्षांच्या. सहा हजारांच्या वर. खालच्या गंजून लाल झालेल्या. कुणी 'पडून असलेला माल' म्हटलं की त्याला राग यायचा. "पडून नाही. थांबलाय," म्हणायचा. जोडीतली एक गेली की मागे राहिलेलीचं काय करायचं, हे मला कुणी विचारलं असतं तर मी काही सांगू शकलो नसतो. म्हणून त्या बाबतीत मी गप्प राहायचो.

पण सरकार गप्प बसत नव्हतं. तिकडे वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुकानातला नग न् नग मोजायचा असतो, इन्व्हेंटूर म्हणतात. माझ्या पहिल्याच डिसेंबरात आम्ही तिघांनी दिवसभर मोजलं. मला वाटलं, मोजलं, झालं. मेघनाने रात्रीच्या जेवणात समजावलं.

"हे बघा बाबा. त्यांनी वर्षात शंभर रुपयांचं पोलाद आणि मजुरी घातली. निम्मा माल विकला गेला, निम्मा फळीवर. सरकार म्हणतं, फळीवरचे पन्नास हा अजून खर्च नाहीच. विकाल तेव्हा खर्च धरू. तोवर ते तुमच्या नफ्यात."

"म्हणजे खिशात नाही आणि नफ्यात आहे?"

"गेनाऊ. अगदी तसंच."

"आणि त्यावर कर?"

"त्यावर कर. मोठ्या कंपन्या बरोब्बर लागेल तेवढाच माल करतात. दोन माणसांच्या वर्कशॉपला हे जड जातं. आणि हे तर मुद्दाम दुप्पट करतात!"

मी पोळी खाली ठेवली आणि हसायला लागलो. ही गेल्यापासून पहिल्यांदा. ज्या माणसाला कुणी एक पैसा दिला नाही तो माणूस त्या न मिळालेल्या पैशावर कर भरतोय, आणि पुढच्या वर्षी आणखी भरायला मिळावा म्हणून सकाळी सात वाजता मशीन चालू करतोय! मुलगा घाबरून पाणी घेऊन आला.

त्यातून थोडी वाट काढली होती ती त्याची कर बघणाऱ्या बाईने, कडक, केस आखूड, ओठ मिटलेले. तिने तीन वर्षांपासून त्या डाव्यांची किंमत भंगाराइतकी लावली होती. गंजलेला माल, कुणी घेत नाही, म्हणून किंमत उतरवली. तसं करता येतं. त्यामुळे कर कमी आणि वर्कशॉप कसंबसं तरलेलं. मालकाने त्या कागदावर दर वर्षी भिंतीकडे तोंड करून सही केली, असं बिर्गिटने मेघनाला सांगितलं. अक्षरशः भिंतीकडे.

मग दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात मेघना ऑफिसातून येता येता म्हणाली, "बाबा, सोमवारी खाली टॅक्सचे साहेब येणार आहेत. जुना माल बघायला." आणि आंघोळीला गेली. एवढंच म्हणाली. ह्यात तिची चूक नाही. पण माझीही नाही, हे मी आजही म्हणतो.

कारण भोसरीत साहेब येणार म्हटलं की काय करतात? फरशी धुतात, मशीन पुसतात, कुंड्यांना गेरू लावतात. आणि त्यात आली होती खंडेनवमी. मालक बहिणीकडे गेलेला, बिर्गिट रजेवर, आणि झाडलोट मी करायचो म्हणून किल्ली माझ्याकडे. मी चार दिवस वर्कशॉपच्या बाहेर आलो नाही. समोरच्या तीन रांगांतल्या पेट्या उतरवल्या, एकेक बिजागरी तारेच्या ब्रशने घासली, फडक्याने पुसली आणि मेघनाचं खोबरेल तेल लावलं. दीड लिटर संपलं. खिळी लिंबाने लख्ख केल्या. ओळीने मांडल्या, सैन्यासारख्या. मशीनला झेंडूची माळ घातली, प्रत्येक पेटीला हळद-कुंकवाचं बोट. काय दिसत होतं वर्कशॉप! अंगाला खोबऱ्याचा वास आणि मला वाटलं, माझ्या हातून बऱ्याच दिवसांनी काही बरं झालं.

सोमवारी कर बघणारी बाई आत आली आणि भिंतीला टेकली. तिचा सगळा पुरावा तो गंज होता. आणि गंज मी गटारात घालवला होता.

साहेब तरुण होता, सभ्य, पाठीला पिशवी. त्याने एक बिजागरी उचलली, उघडली, मिटली. आवाज नाही. वास घेतला. कुंकवाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग मालकाला विचारलं. मेघना अर्धा दिवस सुट्टी टाकून आली होती, तिने माझ्या कानात सांगितलं, "विचारतायत, हा माल खरंच विकण्यासारखा नाही?"

फक्त 'नाही' म्हणायचं होतं. एक शब्द. त्यावर तीन वर्षांचा कर होता, वर्कशॉप होतं, बिर्गिटची नोकरी होती. बाई डोळ्यांनी विनवत होती. बिर्गिटने एप्रनचं टोक तोंडात धरलेलं. मालकाने बिजागरी साहेबाच्या हातातून घेतली, उजेडात धरली. त्याचे कान लाल झाले.

"विकण्यासारखा नाही?" तो ओरडला. "ही? ही तुमच्या नातवंडांच्या नातवंडांचं दार धरून ठेवील!"

संपलं. साहेब वाईट वाटून "आल्झो", म्हणजे 'बरं तर', म्हणाला आणि लिहायला लागला. पूर्ण किंमत.

मी घरी येऊन अंथरुणात तोंड घातलं. मेघना म्हणाली, "बाबा, तुम्हाला कुणी काही बोलत नाहीये." तेच वाईट होतं. शेवटी मी खाली गेलो आणि मालकापुढे कान धरले. त्याला कान धरणं म्हणजे काय माहीत नाही. त्याला वाटलं, कान दुखतोय. त्याने कपाटातून थेंब आणून दिले.

बाईने हिशेब सांगितला. आधीच्या वर्षांचा कर हप्त्यांनी भरता येईल. पण या एकतीस डिसेंबरलाही डाव्या बिजागऱ्या फळीवर पूर्ण किमतीने दिसल्या, तर पुढचा कर मोठा लेथ विकून भरावा लागेल, आणि लेथ गेला की बिर्गिट गेली. एकच वाट. विका. कितीलाही विका. विकून झालेला तोटा खरा तोटा, त्यावर कुणी वाद घालत नाही.

मी म्हणालो, "फुकट वाटून टाकू."

मेघनाने विचारलं. बाईने डोळे मिटले. फुकट दिल्या तरी त्यावर वेगळा कर होता.

"ह्यांच्यात मेलं तरी कर असेल," मी म्हणालो.

"आहे बाबा," मेघना म्हणाली.

ठरलं, नगाला एक युरो, आणि प्रत्येक विक्रीची पावती. नोव्हेंबराच्या पहिल्या शनिवारी मी आणि मालक हातगाडी घेऊन निघालो. तिकडे गावाबाहेर लोकांच्या भाड्याच्या बागा असतात, लहान लहान, प्रत्येकीत एक लाकडी खोपटं. खोपटं म्हणजे दार, कपाट, पेटी. मालक प्रत्येक कुंपणाशी थांबायचा, टोपी काढायचा आणि बिजागरीवर व्याख्यान द्यायचा. लोक ऐकायचे, मान हलवायचे, आत जायचे. दोन तासांत चार नग गेले. त्यातसुद्धा एक माणूस दहा घेत होता, तर त्याचं दार उजवं निघालं म्हणून ह्याने द्यायला नकार दिला! मी डोकं कुंपणावर आपटलं.

मग मला आमची ही आठवली. ही दारोदार साड्या विकायची. भाव कधी आधी सांगितला नाही. बाई दार उघडते तोच हिने साडी उलगडून तिच्या खांद्यावर टाकलेली असायची. "काढा आता अंगावरची," म्हणायची, "काढवत असेल तर."

मी मालकाला बाजूला सारलं. पुढच्या बागेत शिरलो, सशाच्या खुराड्याचं करकरणारं दार दिसलं, ते उपटलं. बागेचा म्हातारा काठी घेऊन धावला. तोवर मी दोन डाव्या ठोकल्या, दार खिळीवर सोडलं, बोटाने ढकललं. आवाज नाही. मग दार नुसतं उचलून त्याच्या हातात दिलं आणि खुराडं आतून धुवायची खूण केली. पुन्हा बसवलं. त्याने काठी खाली ठेवली. स्वतः उचलून बघितलं, सहादा. मग त्याने उजव्या हातात ससा उचलला, डाव्या हाताने दार उघडलं आणि आनंदाने किंचाळला. ससे पाळणाऱ्याचा उजवा हात सशात गुंतलेला असतो. दार डाव्या हाताला मोकळं हवं. सगळ्या जगात फक्त ह्याच लोकांना डावं दार हवं होतं, आणि आम्ही बिजागऱ्या मीटरवाल्यांना विकत बसलो होतो!

म्हातारा ससेवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष निघाला. पुढच्या रविवारी त्यांचं प्रदर्शन होतं. मोठा हॉल, चारशे ससे, कान जमिनीला लागणारे, वीस किलोचे वाटावेत असले गब्रू, आणि मध्ये आम्ही चौघं, मेघनासुद्धा. मी ठोकतोय, बिर्गिट पैसे घेतेय, मालक एका टेबलाशी बसून पावत्या लिहितोय. प्रत्येक पावतीवर झोकदार अक्षर, तारीख, 'बिजागरी, डावी' खाली रेघ मारून. रांग दारापर्यंत. मेघना ओरडली, "अहो, पटापट लिहा, नुसता आकडा टाका!" मराठीत ओरडली. त्याने मराठी कळल्यासारखी मान हलवली आणि आणखीच हळू लिहिलं. एका माणसाच्या दाराबद्दल त्याला शंका होती, तर त्याला फोटो आणायला घरी पाठवलं. माणूस गेला आणि फोटो घेऊन आला! पुढचे रविवार दुसऱ्या गावांच्या मंडळांचे. मला रात्री स्वप्नात ससे यायचे. दुपारी जेवताना मालक माझ्याकडे बघून उगाच हसायचा आणि मग आम्ही दोघंही बेलगाम सुटायचो. लोक बघायचे. कोणाला कारण सांगणार?

एकतीस डिसेंबरला दुपारी आम्ही मोजायला बसलो. फळ्या रिकाम्या. बिर्गिट शिडीवर चढून हात फिरवत होती. सगळ्यात वरच्या कोपऱ्यातून तिने एक डबा काढला. बारा नग.

बाईने फोनवर सांगितलं, बारांनी काही होत नाही, लिहून टाका. पण मालकाला ते पटेना. त्याला फळी पूर्ण हवी होती किंवा पूर्ण रिकामी. मी खिशातून बारा युरो काढून पुढे ठेवले. त्याने पैशाला हात लावला नाही. बिर्गिटला काहीतरी म्हणाला. तिने मला खुणेने सांगितलं. दार कुठलं? दाराशिवाय तो बिजागरी विकत नाही.

मी वर बोट केलं.

वरचं आमचं स्वयंपाकघर त्याच्याच हातचं होतं. भिंतीवर सहा कपाटं, सगळी उजव्या दारांची. मुलगा आणि सून खरेदीला गेलेले. आम्ही तिघं हत्यारं घेऊन चढलो. दारं उतरवली, जुनी भोकं बुजवली, मुठी ह्या बाजूच्या त्या बाजूला नेल्या आणि बाराच्या बारा डाव्या लावल्या. मालकाने प्रत्येक दार तीनदा उघडलं, तीनदा लावलं. मग माझे बारा युरो घेतले आणि पावती लिहिली. जर्मनीत माझ्या नावाची पहिली पावती. खाली जाऊन त्याने यादीत त्या फळीपुढे शून्य काढलं. किंमत उतरवलेल्या कागदावर सही करताना ज्या माणसाने भिंतीकडे तोंड केलं होतं, त्याने नगांच्या रकान्यात ते इतकं मोठं काढलं की शेजारच्या दोन ओळी झाकल्या गेल्या. बिर्गिटने त्याला उचलून गोल फिरवलं. खरंच उचललं. दोन्ही चष्मे पडले.

मेघना पिशव्या घेऊन आली आणि साखर काढायला गेली. हात कपाटाच्या सवयीच्या बाजूला गेला आणि लाकडावर आपटला. तिने दुसरं उघडायला बघितलं. आपटला. तिसरं. मग ती वळली.

"बाबा! माझं किचन!"

पुढे दोन-तीन महिने घरात सगळ्यांचा तोच प्रकार. मुलगा चहा-साखरेला जायचा, हात चुकीच्या बाजूला. सून मिठाला जायची, हात चुकीच्या बाजूला, आणि दोघं माझ्या नावाने ओरडायची. माझा हात तर ही गेल्यापासूनच चुकत होता. रोज सकाळी चहाला मी दोन कप काढायचो आणि एक परत ठेवायचो, कुणी बघायच्या आत. आता त्या घरात कुणाचाच हात जागेवर पडत नव्हता. कपाटाशी उभा राहून मी दुसरा कप परत ठेवायचो, आणि मागून मेघना म्हणायची, "चुकलात ना? मीपण आत्ताच चुकले."

"हो गं," मी म्हणायचो. "होईल सवय."